मोकळे घर आणि हलके यंत्र

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आज येथे बोलावयास उभी राहताना मला थोडा संकोच वाटत आहे. ह्याच जागेवरून आपण संतवाङ्मयावरचे सुंदर भाषण ऐकले आहे, मधुमेह आणि आहार ह्या विषयावर डॉक्टरीणबाईंचे बोलणे ऐकले आहे. आणि आज मी बोलणार, ती कार्पेट धुण्याच्या यंत्राबद्दल! कार्यवाहबाईंनी विषय विचारला तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मला जे येते तेच मी सांगू शकेन." त्या हसल्या, परंतु दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला की, "काकू, हाच विषय घ्या. आपल्यातल्या निदान दहाजणींना तो हवा आहे."

खरेच आहे ते. न्यू जर्सीत वीस-तीस वर्षे संसार केलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींनी एखादे लहानसे घर भाड्याने दिलेले आहे. कोणाचा कॉन्डो आहे, कोणाच्या घराचा खालचा मजला आहे. ज्यांनी दिलेले नाही, त्यांची मुलेबाळे दुसऱ्या गावी कोणाच्या तरी घरात भाडे भरून राहत आहेत. म्हणजे विषय एकच, परंतु उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना आपणच उभ्या आहोत. एवढे ध्यानात ठेवून माझे बोलणे ऐकावे, अशी विनंती आहे.

आपल्या माहेरी फरशी असे. शहाबादी असो की मोझेइकची असो, सकाळी केर काढला, ओल्या फडक्याने पुसली की काम झाले. सतरंजी आणि जाजम असे, पण ते गच्चीवर नेऊन झटकता येई, उन्हात घालता येई. येथे आल्यावर पहिल्या दिवशी मी भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेले ते कार्पेट पाहिले आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की हे धुवावयाचे कोठे नेऊन? मग कळले की ते नेता येत नाही. घाटावर जाता येत नाही, म्हणून घाटच घरात आणावा लागतो.

हे कार्पेट आले कोठून, ह्याची गोष्ट मोठी मजेची आहे आणि आपल्या मंडळात सांगण्यासारखी आहे. जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचे गाव आहे. त्या गावाजवळ कॅथरिन एव्हान्स नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने १८९५ साली एक पलंगपोस हाताने विणला. कापडावर सुताचे टाके घालावयाचे, ते कापावयाचे आणि मग धुऊन कापड आटवावयाचे, म्हणजे सुताचे गोंडे घट्ट बसतात. १९०० साली तिने असा एक पलंगपोस अडीच डॉलरला विकला. मागणी वाढली, गावोगावच्या बायका घरी बसून हे काम करू लागल्या. पुढे त्याच टाक्याची यंत्रे झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या यंत्रांतून पलंगपोसांऐवजी कार्पेटे निघू लागली. आज आपल्या पायांखाली जे असते, त्याचे मूळ एका मुलीच्या भरतकामात आहे.

ते झाडणाऱ्या यंत्रामागेही एक बाई आहे. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स गावी बिसेल नावाच्या जोडप्याचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते. भांड्यांभोवतीचा भुसा कार्पेटमध्ये अडकून बसे, म्हणून मेल्विल बिसेल ह्यांनी चाकांवर चालणारा झाडू तयार केला आणि १८७६ साली त्याचे पेटंट घेतले. १८८९ साली ते वारले. त्यांच्या मागे ॲना बिसेल ह्या बाईंनी कारखाना स्वतः चालविला, आणि तोही अनेक वर्षे. अमेरिकेत एवढा मोठा उद्योग चालविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते.

आणि तिसरी गोष्ट वजनाची. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथ ह्यांनी धूळ ओढणारे यंत्र केले. पण ते एवढे अवजड की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करावयाचे आणि खिडकीतून नळ्या घरात सोडावयाच्या. इकडे ओहायोतील कँटन गावी जेम्स स्पँग्लर नावाचा एक गृहस्थ दुकानात झाडलोटीचे काम करी. त्याला दम्याचा विकार होता आणि धुळीने जीव घाबरा होई. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एका माणसाला ढकलता येईल असे यंत्र केले आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळविले. म्हणजे हलके यंत्र कोणी शोधले? ज्याला ते रोज हातात धरावयाचे होते त्याने. यंत्र निवडताना आपण हेच सूत्र धरावे, असे माझे सांगणे आहे.

आता माझी स्वतःची हकीकत सांगते. ती सांगितल्याखेरीज पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या ह्यांनी १९९४ साली एक लहान कॉन्डो घेतला आणि तो भाड्याने देत असू. इमारत जुनी, दोन मजली, लिफ्ट नाही. घर वरच्या मजल्यावर, मधे पंधरा पायऱ्या. भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत चार-आठ दिवस घर मोकळे असे. तेवढ्यात रंग, स्वच्छता, दुरुस्ती सगळे उरकावयाचे. ते सगळे हेच पाहत असत. २०११ साली ते गेले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती आला.

त्या घरात एक तरुण मराठी जोडपे राहत होते. मूल लहान होते. दोन वर्षे वेळेवर भाडे दिले, कधी तक्रार नाही. २०१३ साली नोकरीनिमित्त ते टेक्सासला गेले. जाताना मुलीने घर आपल्या हाताने पुसून लख्ख केलेले होते. मी कार्पेट धुण्यासाठी दुकानातून मोठे यंत्र एका दिवसाच्या भाड्याने आणले. ते मोठे होते म्हणूनच आणले. मोठे म्हणजे चांगले, असा माझा समज. पंधरा पायऱ्या चढविताना शेजारच्या मुलाने हात लावला, पण उतरविताना मी एकटी होते. टाकीत थोडे पाणी राहिले होते. सातव्या पायरीवर कंबरेत कळ आली, ती तीन आठवडे गेली नाही.

पण कंबरेचे दुःख मोठे नव्हे. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तो हॉलच्या कोपऱ्यात परातीएवढा तपकिरी डाग! धुण्यापूर्वी तेथे फिकट सावली होती, आता चहा सांडल्यासारखा डाग दिसू लागला. मी मनाशी म्हटले, ह्यांनी काहीतरी सांडले आणि वरवर पुसून आपल्याला फसविले. मी त्यांच्या अनामत रकमेतून २४० डॉलर कापले, तसे पत्र लिहिले आणि बाकीचा चेक पाठविला. त्यांनी उलट एक अक्षर लिहिले नाही.

२०१७ साली ते कार्पेट जुने झाले म्हणून काढावयास माणसे आली. मी उभी होते. त्या कोपऱ्यातले कार्पेट उलटले, तर खालची फोमची गादी काळपट पडलेली, कडक झालेली, आणि तिच्याखालच्या लाकडावरही तसाच डाग. काम करणारा वयस्क गृहस्थ म्हणाला, "बाई, हे कुत्र्याचे आहे, आणि फार जुने आहे." कुत्रा त्या जोडप्याकडे नव्हता. त्यांच्या आधीच्या भाडेकरूकडे होता. त्याच गृहस्थाने मला समजावून दिले की, कार्पेटवर फार पाणी ओतले आणि ते नीट ओढून घेतले नाही, तर ते गादीपर्यंत उतरते. तिथली जुनी घाण विरघळते, आणि वरून कार्पेट वाळू लागले की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तशी ती धाग्यांतून वर चढते. म्हणजे तो डाग त्या मुलांनी पाडलेला नव्हता. तो मीच वर आणला होता. पाणी भरपूर ओतणाऱ्या आणि कमी ओढणाऱ्या त्या यंत्राने, आणि माझ्या अज्ञानाने.

न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे भाडेकरूची अनामत अन्यायाने अडविली आणि तो कोर्टात गेला, तर त्याला दुप्पट रक्कम द्यावी लागते. तो कोर्टात गेला नव्हता, म्हणून माझे देणे कमी होत नव्हते. मी पत्ता मिळविला, ४८० डॉलरचा चेक आणि एक पत्र पाठविले. आठ दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "काकू, पैशांचे मी केव्हाच विसरले होते. पण तुम्ही आम्हाला खोटे समजलात, ते मात्र विसरले नव्हते." मला काही बोलता आले नाही. तेव्हापासून मी हा विषय शिकले, तो असा शिकले.

तर भगिनींनो, यंत्र निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट वजन. दुकानात यंत्र कोरडे असते आणि चकचकीत फरशीवर चाकांवर फिरते, त्यामुळे ते हलके वाटते. ते जिन्यावरून उचलून पाहिले पाहिजे. शिवाय पाण्याचा हिशेब करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. इथला एक गॅलन म्हणजे जवळजवळ ३.८ लिटर, तेव्हा दहा गॅलनांच्या टाकीत नुसते पाणीच ३८ किलो झाले. आपल्या घरातला भरलेला पिंप कोणी उचलीत नाही, मग हे का उचलावे? येथील सरकारी आरोग्यसंस्थेने ओझे उचलण्यासंबंधी जे सूत्र घालून दिले आहे, त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी ५१ पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो, ही मर्यादा धरलेली आहे. जिना, वळण, ओले हात आणि साठीचे गुडघे ही काही अनुकूल परिस्थिती नव्हे. माझा स्वतःचा नियम असा की, रिकामे यंत्र वीस पौंडांच्या आसपास असावे आणि त्याच्या दोन्ही टाक्या, स्वच्छ पाण्याची आणि घाण पाण्याची, वेगळ्या काढता याव्यात. म्हणजे यंत्र एका खेपेत न्यावे, टाक्या दुसऱ्या खेपेत, आणि पाणी वर गेल्यावरच भरावे. टाकी लहान असली तर चार वेळा भरावी लागते, पण मोकळ्या घरात नळ दहा पावलांवर असतो. ज्या टाकीचे तोंड न्हाणीघरातल्या लहान बेसिनच्या नळाखाली बसते, ती टाकी सोयीची.

दुसरी गोष्ट ओढ. पाणी घालावयाचे काम झारीही करते. यंत्राचे खरे काम घातलेले पाणी परत घेणे हे होय. विकत घेण्यापूर्वी मागून आणून घरी एकदा वापरून पाहता आले तर पाहावे. धुतल्यावर पाणी बंद ठेवून त्याच जागेवरून दोन-तीन वेळा यंत्र नुसते ओढावे, मग पांढरा टॉवेल पसरून त्यावर उभे राहावे. टॉवेल दमट झाला तर चालेल. चिंब झाला तर ते यंत्र आपल्या कामाचे नाही. पाणी जितके कमी राहील तितके कार्पेट लवकर वाळते. ते चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण वाळले पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. आणि बंद घराचा तो कुबट वास नव्या भाडेकरूला दारातच येतो.

तिसरी गोष्ट वीज. मोकळ्या घरात पुष्कळदा असे होते की, जुन्या भाडेकरूने वीज आपल्या नावाची बंद करून टाकलेली असते आणि आपण यंत्र घेऊन अंधारात उभ्या! गरम पाणीही त्यामुळेच मिळत नाही. म्हणून आदल्या दिवशी वीज आणि पाणी तपासावे. जुन्या इमारतीत एका तारेवर बहुधा १५ अँपिअरचा भार चालतो आणि घरगुती यंत्र त्यातले दहा-बारा घेते. त्याच तारेवर मोठा पंखा लावला किंवा आत पाणी तापविणारे यंत्र घेतले, तर बटण पडते आणि मग तळघरात जाऊन ते वर करावयाचे. स्वयंपाकघरातले सॉकेट निराळ्या तारेवर असते, पंखा तेथे लावावा. आत पाणी तापविणारी आणि दोन दोन वायरी लागणारी यंत्रे रोज पाच घरे धुणाऱ्या धंदेवाइकांसाठी आहेत. आपल्याला नळाचे गरम पाणी पुरते.

चौथी गोष्ट हात आणि नळी. मोकळ्या घरात सामान नसते, त्यामुळे रुंद तोंडाचे, उभे ढकलण्याचे यंत्र झरझर चालते. पण जिना, कपाटाचा आतला भाग आणि भिंतीची कड ह्यांसाठी लवचिक नळी आणि हातात धरण्याचे लहान तोंड हवेच. काही यंत्रांना ते जोडलेले येते. नसेल तर नुसते डागांपुरते मिळणारे, हातात धरून नेता येणारे छोटे यंत्र शे-दीडशे डॉलरपर्यंत मिळते. एकच लहान खोली असेल तर तेवढ्यावरही भागते, परंतु त्याने सगळा हॉल धुवावयास बसू नये. चमच्याने विहीर उपसण्यासारखे ते आहे.

पाचवी गोष्ट यंत्राची स्वतःची स्वच्छता. घाण पाण्याची टाकी आतून हात घालून घासता आली पाहिजे, ब्रश काढून त्याला अडकलेले केस कापता आले पाहिजेत. हे जमत नसेल तर तिसऱ्या वेळी यंत्रालाच वास मारू लागतो, आणि मग आपण कार्पेट धुतो की घाण पसरतो हा प्रश्न पडतो. घाण पाणी नेहमी संडासात ओतावे. रस्त्यावरच्या गटारात किंवा बागेत ओतू नये, रस्त्यावरचे पाणी थेट ओढ्यात जाते.

आता काम करण्याचा क्रम. आधी घर उजेडात पाहावे आणि प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो घ्यावेत. धुण्यापूर्वीचे फोटो असावेत, धुतल्यानंतरचे नव्हेत. मग कोरडे झाडणे. कार्पेटमधली बहुतेक घाण ही कोरडी माती असते. ती आधी व्हॅक्यूमने ओढून घेतली नाही तर पाणी पडताच तिचा चिखल होतो. सामान नसल्यामुळे हे काम चांगले होते, तेव्हा उभे आणि आडवे असे दोन्हीकडून झाडावे. मग साबणाचे पाणी अगदी हलके फवारून दहा मिनिटे थांबावे. साबण सांगितल्यापेक्षा कमी घ्यावा, जास्त कधीच नाही. आपण भांड्यांना करतो तसा फेस केला तर तो कार्पेटमध्ये राहतो, चिकट होतो आणि नवी धूळ धरून ठेवतो. म्हणून शेवटी साध्या पाण्याने एकदा धुवून काढावे आणि मग कोरडे ओढावे. खिडक्या उघडाव्यात, पावसाळी हवा असेल तर बंद ठेवून पंखा आणि एअर कंडिशनर चालू ठेवावा. दाराकडे पाठ करून मागे मागे यावे, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही.

आपल्या घरांचा खास डाग हळदीचा. ह्याबाबतीत येथील पुस्तके आपल्याला फार शिकवीत नाहीत, पण आपल्या आज्यांनी शिकविलेले आहे. हळदीला चुना लावला की तिचे कुंकू होते, हे कोणा मराठी बाईला सांगावे लागत नाही. चुना तसा क्षार, आणि कार्पेटचे पुष्कळसे कडक साबणही तसेच क्षारयुक्त असतात. म्हणून पिवळ्या डागावर असा साबण पडताच डाग लालसर होतो आणि घरमालकीण घाबरते. घाबरू नये. साध्या पाण्याने साबण काढावा, थोडे पांढरे व्हिनेगर घातलेल्या पाण्याने टिपावे. तो पुन्हा पिवळा होतो. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही, म्हणून घर मोकळे असेल तर पडदे सारून ऊन येऊ द्यावे. पुष्कळसे काम सूर्यनारायणच करतो. उरलेल्यावर औषधाच्या दुकानातले तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येते, पण आधी कपाटातल्या कोपऱ्यात लावून रंग उडत नाही ना हे पाहावे, आणि लोकरी गालिच्याला ते लावू नये. कपड्यांचे ब्लीच मात्र मुळीच वापरू नये.

आणि काही गोष्टी कोणत्याही यंत्राने जात नाहीत. दारापासून सोफ्याच्या जागेपर्यंत जो मळकट पट्टा दिसतो, तो पुष्कळदा मळ नसतोच. पायांखाली धागे दबून, घासून झिजलेले असतात. ती झीज होय, आणि झीज ही भाडेकरूच्या नावावर लिहिता येत नाही. कायदा तसे सांगतो, आणि कायद्याने सांगितले नसते तरी ते खरेच आहे. कुत्र्यामांजराचे गादीपर्यंत गेलेले असेल तर गादीचा तेवढा तुकडा बदलावा, धूत बसू नये. आणि कार्पेट दहा-बारा वर्षांचे झाले असेल तर यंत्राचे पैसे वाचवून फरशीच घालावी, हेही मी मोकळेपणाने सांगते.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगते. धुतल्यावर लगेच निर्णय घेऊ नये. एक दिवस जाऊ द्यावा आणि मग पुन्हा जाऊन पाहावे. डाग वर आला असेल तर तो खालून आला आहे, तेव्हा त्यावर पाणी न ओतता हलकेच फवारून कोरडे ओढावे आणि वर जाड टॉवेल दाबून ठेवावा, म्हणजे वर येणारे टॉवेल पिऊन घेतो. मग कार्पेटचा कोपरा उचलून खाली पाहावे. आपल्या राज्यात अनामत परत करण्यास भाडेकरार संपल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे, आणि काही कापले तर ते कशाकशासाठी हे लिहून द्यावे लागते. तीस दिवस पुष्कळ झाले. मी तीन दिवसांत निकाल दिला होता, आणि तो उलटविण्यास मला चार वर्षे लागली.

ज्या भगिनींची मुले भाड्याने राहतात त्यांनी त्यांना एवढेच सांगावे की, घरात शिरण्याच्या दिवशी, सामान आणण्यापूर्वी, मोकळ्या घराचे फोटो काढून ठेवा. सोडतानाही काढा. त्या मुलीजवळ असे फोटो असते तर तिला माझ्यापुढे मान खाली घालावी लागली नसती.

शेवटी एक सूचना मांडून बसते. असे यंत्र एका घराला वर्षातून एकदा, दोनदा लागते. बाकीचे दिवस ते कपाट अडवून बसते. आपल्या मंडळाची मोठी पातेली, झारे आणि परात आपण सगळ्याजणी कार्याला नेतो, घासून परत आणून ठेवतो, वहीत लिहितो. तसे एक हलके, दोन टाक्यांचे यंत्र आणि एक पंखा मंडळाने घेतला तर? नेणारीने वहीत नाव लिहावे, टाकी घासून, ब्रशातले केस काढून, कोरडे करून परत आणावे. आणि जिना असेल तेथे एकटीने जाऊ नये, दुसरीने बरोबर जावे. दोघी असल्या म्हणजे ओझे हलके होते, हे तर आहेच. पण कोपऱ्यातला डाग पाहून एकीला राग आला तर दुसरी म्हणेल, "थांब, आधी खाली काय आहे ते पाहू." मला त्या दिवशी असे म्हणणारी कोणी बरोबर हवी होती.

यंत्र बाहेरच्या खोलीत ठेवले आहे. चहा झाल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी यावे, आणि मुख्य म्हणजे ते उचलून पाहावे.